सपाटीकरणास गावचा नियम हवा

खरीपाची सुगी आटोपली की जमीनदुरुस्तीची कामे निघतात. पूर्वी ही कामे बैलांच्या केणीने आणि कुदळ-फावड्याने होत. एक बांध घालावयाचा तर घरची माणसे पंधरा-पंधरा दिवस राबत. आज तेच काम जेसीबी एका दिवसात उरकतो. यंत्राने श्रम वाचविले, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पूर्वी कामात चूक होत असली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ध्यानात येई व तेथेच सुधारता येई. आता चूक संध्याकाळच्या आत पुरी होऊन जाते, आणि ती चूक होती हे मृगाचा पाऊस पडल्यावर कळते.

आमच्या परिचयातील एका गावी उताराच्या वरच्या अंगास असलेल्या एका शेतकऱ्याने आपला तीन एकर माळ सपाट केला. त्या कामात दोन गोष्टी घडल्या. वरची काळी माती प्रथम खोलगटात ढकलली गेली व तिच्यावर मुरूम पडला. आणि शेताच्या कडेने पावसाळ्यापुरती वाहणारी ओघळ भरावाखाली बुजली. पहिल्याच मोठ्या पावसात तुंबलेल्या पाण्याने नवा बांध फोडला व खालच्या शेजाऱ्याच्या उगवून आलेल्या तुरीतून आपली वाट काढली. एकाच्या शेतात मुरूम उघडा पडला, दुसऱ्याच्या शेतात कमरेइतकी घळ पडली. दोघेही कष्टाळू, दोघांच्याही डोक्यावर सोसायटीचे कर्ज. आणि आज दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. हे उदाहरण विरळा आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येक वाचकास आपापल्या शिवारातील असा एखादा बांध आठवेल.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस पडला की ३,६३० घनफूट, म्हणजे एक लाख लिटरांहून अधिक पाणी झाले. त्याच एकरावरून एक इंच जाडीची माती वाहून गेली तर छत्तीस ब्रासांहून अधिक माती गेली. तेवढा पोयटा विकत आणून पसरण्यास काय खर्च येईल, हे ज्यांनी तलावातील गाळ वाहिला आहे त्यांस सांगावयास नको. निसर्गास ती इंचभर माती घडविण्यास शेकडो वर्षे लागतात. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती कापण्याची शक्ती सुमारे चौपट होते. म्हणून जमीन राखण्याचे सारे शास्त्र दोन वाक्यांत येते: पाण्यास धावू देऊ नये, आणि जे पाणी मुरणार नाही त्यास ठरलेल्या वाटेने, हळूहळू बाहेर जाऊ द्यावे. सपाटीकरणाने पहिली गोष्ट साधते. दुसरीचा विसर पडला तर पहिली साधल्याचा काहीच उपयोग होत नाही.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे आणि मग ओढ्यास जाऊ द्यावे, असे सरकारास सुचविले होते. पुढे १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले व बांधबंदिस्तीस प्रयोगांचा आधार मिळाला. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्यातील मुख्य कल्पना फार शहाणपणाची होती. बांधबंदिस्तीची योजना एकेका सर्व्हे नंबरापुरती न करता सलग क्षेत्रासाठी करावी, ती लोकांपुढे ठेवून हरकती ऐकाव्या, आणि काम झाल्यावर ते राखण्याची जबाबदारी जमीनधारकाने पत्करावी, अशी ती कल्पना होय.

तथापि या कामातील दोषही सांगितले पाहिजेत. मुरमाड, उथळ जमिनीत समपातळी बांध गुणकारी ठरले. पण खोल काळ्या जमिनीत त्यांच्या मागे पाणी साचून राहिले, पिके पिवळी पडली, आणि पाण्याच्या भाराने पुष्कळ बांध फुटले. तेथे ढाळीचे बांध व पाण्यास निघून जाण्याची वाट हवी होती. शेतकऱ्याने असे बांध पुढे नांगरून टाकले, तेव्हा त्यास अडाणी ठरविण्यात आले. वस्तुतः जमीन पाहून नियम न ठरविता नियम पाहून जमीन मोजली गेली, हा मूळ दोष होता. सबब हे नियम स्थानिक असावे, असे आमचे म्हणणे आहे.

आता चालू कायद्याकडे पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ अन्वये विनापरवाना गौण खनिज काढणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. माती व मुरूम यांच्या खोदाईवरून वाद होतात ते बहुधा स्वामित्वधनाचे. पायासाठी खोदलेली माती त्याच जागी भरावास व सपाटीकरणास वापरली तर तीवर स्वामित्वधन द्यावे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अशा वापरावर ते लागू होत नाही, असा निर्णय २०१४ साली झाला. निर्णय योग्यच आहे. पण या साऱ्या व्यवहारात माती किती ब्रास निघाली व कोठे गेली, एवढेच विचारले जाते. ती काढल्यावर पाणी कोठे जाईल, हे कोणी विचारीत नाही. शेजारच्या गोव्यात १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ ने टेकडी कापण्यास अथवा सखल जमीन भरण्यास आगाऊ लेखी परवानगी आवश्यक केली आहे. त्या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी कोणाचे काहीही मत असो, जमिनीचे रूप बदलणे ही खाजगी बाब नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे.

आपल्याकडेही अन्याय झालेला शेतकरी अगदीच निराधार नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे, शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक वाहण्यास कोणी बेकायदा अडथळा केला व त्याने जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान झाले अगर होण्याचा संभव असला, तर तो अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ही मुदत पुष्कळांस ठाऊक नसते. तोंडी तंट्यात ती निघून जाते. तरीही हा उपाय बांध फुटल्यानंतरचा आहे. वाहून गेलेली माती कोणत्याही हुकुमाने परत येत नाही.

डोंगरउतारावर तर ही गोष्ट माणसांच्या जिवावर येते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मेली. मुसळधार पाऊस व तीव्र उतार ही कारणे उघडच होती. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचाही त्यात वाटा होता काय, यावर पुष्कळ वाद झाला. त्या भागातील पडकईची रीत जुनी आहे. लोक एकमेकांच्या श्रमाने, हाताने, थोडथोडी खाचरे पाडीत. हाताने जे पंधरा वर्षांत होई ते यंत्र पंधरा दिवसांत करू लागले, तर डोंगरास ते मानवेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

यावर वाचक म्हणतील, "आणखी एक नियम म्हणजे आणखी एक दाखला, आणखी एक खेप, आणखी एक हात ओला करणे." ही भीती खरी आहे, व तालुक्याच्या कचेरीची नवी परवानगी आम्हांसही नको आहे. आम्ही म्हणतो तो नियम गावचा, ग्रामसभेने ठरविलेला, एका कागदावर मावणारा असावा. त्यात पुढील गोष्टी याव्या, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, यंत्र शेतात आणण्यापूर्वी आठ दिवस वरच्या व खालच्या शेजाऱ्यांस बांधावर बोलावून, पाणी कोठून येते व कोठून जाईल हे दाखवावे. दुसरी, वरची सहा ते नऊ इंच माती प्रथम बाजूस काढून ठेवावी, खालचा थर सारखा करावा आणि मग ती माती परत पसरावी. जेथे माती फूटभरही नाही तेथे सबंध शेत सपाट न करता उतारास आडवे बांध घालूनच समाधान मानावे. तिसरी, ओघळ बुजवू नये. वळवावयाचीच असल्यास आपल्या हद्दीत वळवावी व पूर्वी ती जेथून बाहेर पडत होती तेथूनच बाहेर सोडावी. चौथी, प्रत्येक बांधास दगडी सांडवा असावा आणि त्याची जागा खालच्या शेजाऱ्याच्या संमतीने ठरावी. पाचवी, बांधास लागणारी माती बांधाच्या वरच्या अंगास, पायथ्यापासून अंतर सोडून काढावी, भराव थराथराने दाबावा, आणि सर्व काम रोहिणीपूर्वी संपवून पहिल्या पावसाबरोबर बांधावर मारवेल किंवा पवना लावावा. सहावी, शंभर फुटांत दहा फुटांहून अधिक उतार असेल तेथे यंत्र नेऊ नये. आणि शेवटची, या गोष्टी मोडल्याने कोणाचे नुकसान झाले तर मोडणाऱ्याने ते पुढच्या पावसापूर्वी स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण गावाने मनावर घेतले तर ठरावही पाळला जातो, याचे उदाहरण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आहे. सरपंच पोपटराव पवार यांच्या काळात त्या गावाने शेतीच्या पाण्यासाठी विंधनविहिरी न घेण्याचा, झाडे न तोडण्याचा व मोकाट चराई न करण्याचा निर्बंध स्वतःवर घालून घेतला आणि पाळला. आपल्या विहिरीविषयीचा निर्बंध जर गाव मान्य करू शकते, तर बांधाविषयीचा का करणार नाही?

एक गोष्ट स्पष्ट बोलून हा लेख पुरा करतो. या नियमाचा भार प्रथम वरच्या अंगास जमीन असलेल्यावर पडतो, आणि आमच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या जमिनी वरच्या अंगास आहेत. यंत्राचे भाडे परवडते तेही बहुधा त्यांसच. "जमीन माझी, मी वाटेल ते करीन," हे म्हणणे सातबाऱ्यावर खरे असेल. पण वरून येणारे पाणी सातबारा वाचीत नाही. शिवाय आज जो खालच्याच्या वर आहे तो स्वतःही कोणाच्या तरी खाली आहे. सबब आमच्या सभासदांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, उन्हाळी कामे सुरू होण्यापूर्वी, हा विषय मांडावा. आणि ठराव होवो अगर न होवो, यंदाचे आपले स्वतःचे काम शेजाऱ्यास बांधावर बोलावूनच सुरू करावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.