नट कोण आवळणार?

आपल्याकडे गाडी बनवायची म्हटलं की सगळ्यात आधी लॅपटॉप उघडतो. मॉडेल होतं, लाल-निळ्या रंगांचं अ‍ॅनालिसिस होतं, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग होतं. मग पार्ट तयार होऊन येतात आणि ते जोडायचं काम 'कुणीतरी करेल' या खात्यात जातं. हे 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा वर्कशॉपमधले मामा, नाहीतर गेटबाहेरचा गॅरेजवाला. माझं म्हणणं साधं आहे. ज्याने अपराइट डिझाइन केला, त्यानेच तो गाडीवर बसवला पाहिजे. आणि हे व्हायचं असेल तर वर्कशॉप संध्याकाळीसुद्धा उघडं पाहिजे.

दुसऱ्या ब्रँचच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. अपराइट म्हणजे पुढच्या चाकामागचा उभा भाग. तो वर-खाली विशबोनला जोडलेला असतो, मध्ये हब आणि बेअरिंग, एका बाजूला ब्रेकचा कॅलिपर आणि शिवाय स्टिअरिंगचा आर्म. म्हणजे गाडीचं वजन, ब्रेकचा जोर आणि वळणाचा जोर, तिन्ही या एका तुकड्यातून जातात. तो धरून ठेवणारे नट मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच!

घरी गाडी जोडण्याची परंपरा खरी इंग्लंडातली. कॉलिन चॅपमनने 1957 साली लोटस सेव्हन आणली. तेव्हा तिथे तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. त्यामुळे लोकांनी खोकी घरी आणून गाड्या जोडल्या. 1973 मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला, सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण हौस काही गेली नाही. 1996 मध्ये रॉन चॅम्पियनने अडीचशे पौंडात स्पोर्ट्‌स कार कशी बनवावी यावर पुस्तकच लिहिलं. जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोडायची, चौकोनी नळ्यांची चॅसी वेल्ड करायची आणि पुढे भंगारातल्या फोर्ड कॉर्टिनाचे अपराइट लावायचे, अशी ती रेसिपी. ज्यांनी कधी इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं अशा माणसांनीही या गाड्या रस्त्यावर आणल्या.

सेव्हनला बरीच वर्षं ट्रायम्फचे अपराइट असायचे. त्यात खालच्या टोकाला बॉल जॉइंट नसून ट्रनियन नावाचा आटे पाडलेला ठोकळा असतो. डाव्या बाजूचे आटे डावे, उजव्या बाजूचे उजवे. त्याला गिअर ऑइल द्यायचं असतं. तेलपाणी विसरलं की आत गंज धरतो, आटे झिजतात आणि एक दिवस अपराइटचं खालचं टोक मोडून चाक आडवं होतं. ड्रॉइंगमध्ये चूक शून्य! चूक हाताची, किंवा हात न लावण्याची.

आणि अशा गोष्टी हात लावल्याशिवाय कळत नाहीत. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर तो बसतो झकास, पण ब्लीड निपल खाली जातो. मग कितीही पेडल मारा, वर अडकलेली हवा निघत नाही. बॉल जॉइंटच्या पिनचा टेपर आणि अपराइटमधला टेपर जुळत नसेल, तर पिन एका कडेवर टेकते आणि नट घट्ट असूनही आत हलत राहते. विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना आवळले, की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टेपर रोलर बेअरिंग असेल तर नट आवळताना हब फिरवत राहायचा, मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा नट सैल करायचा आणि मगच स्प्लिट पिन. नायलॉक नट परत वापरायचा नाही आणि बोल्टचा आटा नटाबाहेर दिसलाच पाहिजे. यातलं किती जणांच्या जर्नलमध्ये आहे? ओरलला तरी कुणी विचारतं का?

यावर काही जण म्हणतील, मामांना वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, ते आपल्यापेक्षा चांगलंच बसवतील. शंभर टक्के खरं! म्हणूनच त्यांनी आपल्याला शिकवावं आणि आपलं काम तपासावं. आज आपण त्यांच्याकडून फक्त काम करून घेतो, शिकत काहीच नाही. दुसरा मुद्दा सेफ्टीचा. पोरं रात्री एकटी मशीनवर नकोत, हेही मान्य. पण जोडणीला लेथ लागत नाही. पाने, टॉर्क रेंच, दोन स्टँड आणि एक जाणता माणूस एवढं पुरे.

म्हणून विभागप्रमुखांना विनंती : आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते नऊ, असेंब्लीपुरतं वर्कशॉप उघडं ठेवा. जे इन्स्ट्रक्टर किंवा मामा थांबतील त्यांना त्याचा ओव्हरटाइम द्या, नुसते आभार नकोत. भिंतीवर एक तक्ता लावा : नट कुठला, टॉर्क किती, आवळला कुणी, तपासला कुणी. दोन्ही सह्या वेगळ्या माणसांच्या. तपासून झालेल्या नटावर रंगाची रेघ मारा, म्हणजे नट सरकला तर लांबूनही दिसेल. आणि प्रोजेक्टच्या मार्कांत थोडे तरी या तक्त्याला द्या, कारण आपण मार्कांशिवाय हलत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ब्रिटनमध्ये 2009 पासून घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते. वळणावरून सुटलेलं स्टिअरिंग आपोआप सरळीकडे येतं का, हेसुद्धा त्यात बघतात. आपल्या स्पर्धांतही टेक्निकल इन्स्पेक्शन असतं. पण तो परीक्षक गाडी घटकाभर पाहणार. त्याआधी महिनाभर प्रॅक्टिसला ती ग्राउंडवर पळवणारा ड्रायव्हर आपल्याच विंगमधला, आपल्याच मेसमध्ये जेवणारा असतो. त्याच्या पुढच्या चाकाचा नट कुणी आवळला, हे त्याला नावानिशी माहीत असायला हवं.