पुस्तक मिटा, प्रश्न सोडवा!



या आठवड्यात आपल्या कट्ट्यावर आलेल्या पत्रांत अकरावी-बारावी सायन्सवाल्यांची पत्रं जास्त आहेत. आणि बहुतेकांचं दुखणं एकच, जैवरसायनशास्त्र! कर्बोदकं, प्रथिनं, विकरं, डीएनए... 'धडा वाचताना सगळं समजतं, पण पेपर हातात आला की पाटी कोरी!' असं कितीतरी जणांनी लिहिलंय. एका मैत्रिणीचं पत्र मात्र जरा वेगळं आहे. ती लिहिते, 'आमच्या गावात क्लास नाही. तालुक्याला जाऊन-येऊन क्लास करणं घरी परवडणारं नाही. माझ्याजवळ पाठ्यपुस्तक आहे आणि चुलतभावाने दिलेला एक जुना प्रश्नसंच. एवढ्यावर भागेल का?'

या प्रश्नाचं उत्तर आज जरा सविस्तर देऊ या. कारण ते क्लासला जाणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे बरं का!

आधी एक प्रयोग ऐका. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एकेक छोटा उतारा वाचायला दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा पारडं फिरलं! दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले आणि लिहून काढणारे ५६ टक्क्यांवर टिकून राहिले. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला.

असं का होतं? एस.टी. स्टँडवर एखादा माणूस दिसतो. चेहरा अगदी ओळखीचा, पण नाव काही केल्या आठवत नाही. होतं ना असं? ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. धडा पाचव्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि आपण म्हणतो, 'हे येतंय की मला!' परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं. तिथं डोक्यातून बाहेर काढावं लागतं. मग बाहेर काढण्याचीच सवय करायला नको का? सराव-प्रश्न असतात ते त्यासाठी.

चला, आपण करूनच बघू. खालचं उत्तर हाताने झाका हं! चोरून बघायचं नाही.

प्रश्न पहिला. ५० अमिनो आम्लांची एक सरळ साखळी आहे. तिच्यात पेप्टाइड बंध किती?

कुणी म्हणालं ५०? थांबा. ५० मुलं एका रांगेत हातात हात धरून उभी करा आणि धरलेल्या हातांच्या जोड्या मोजा. ४९ भरतात. म्हणून बंधही ४९. प्रत्येक बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून पाण्याचे रेणूही ४९.

'हात्तिच्या, सोपं आहे!' असं म्हणालात ना? मग हे सांगा. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. पेप्टाइड बंध किती? 'एक वजा केला, ५०!' असं उत्तर लगेच येईल आणि ते चुकेल. इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३० ची. म्हणून २० अधिक २९, म्हणजे ४९. साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल असतात, पण ते पेप्टाइड बंध नव्हेत. (इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.) पाहिलंत? 'एक वजा करा' हे पाठ केलेलं सूत्र इथं दगा देतं. रांगेतली मुलं डोळ्यांसमोर असली तर दोन रांगा लगेच दिसतात.

प्रश्न दुसरा. दुपदरी डीएनएमध्ये ॲडेनीन ३० टक्के आहे. सायटोसीन किती?

ॲडेनीनची जोडी थायमीनशी, म्हणून थायमीनही ३०. झाले ६०. उरले ४०, ते ग्वानीन आणि सायटोसीन यांच्यात निम्मे निम्मे. उत्तर २० टक्के. हा चारगाफ यांचा नियम. आता प्रश्नातल्या 'दुपदरी' या शब्दाखाली रेघ मारा. फाय-एक्स-१७४ नावाच्या विषाणूचा डीएनए एकपदरी असतो. तिथं जोड्याच नसतात, त्यामुळे हा हिशेब चालत नाही. प्रश्नातला एकेक शब्द मोलाचा असतो, तो असा!

प्रश्न तिसरा. सक्सिनेट डिहायड्रोजनेज या विकराच्या कामात मॅलोनेट अडथळा आणतं. सक्सिनेटचं प्रमाण खूप वाढवलं तर काय होईल?

हे तर आपल्या एस.टी.तलं दृश्य आहे! खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तो रुमाल म्हणजे मॅलोनेट. त्याचा आकार सक्सिनेटसारखा असतो, म्हणून तो विकराच्या सीटवर बसतो. पण त्याच्यावर विकराची क्रिया काही होत नाही. नुसती जागा अडवतो! मात्र हा रुमाल सीटला चिकटलेला नसतो, मधून मधून उडतो. उतारू एक-दोनच असले तर पुन्हा रुमालच पडतो. पण उतारूंची झुंबड उडाली, तर सीट रिकामी झाली रे झाली की माणूसच बसणार! म्हणून सक्सिनेट भरपूर वाढवलं की अडथळा जवळजवळ नाहीसा होतो. क्रियेचा कमाल वेग तोच राहतो, फक्त तिथवर पोचायला सक्सिनेट जास्त लागतं. पुस्तकाच्या भाषेत 'व्ही-मॅक्स' बदलत नाही, 'के-एम' वाढतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली पेशीतल्या ऊर्जाचक्राचा उलगडा केला, तेव्हा याच मॅलोनेटच्या अडथळ्याचा त्यांना मोठा उपयोग झाला होता.

प्रश्न चौथा. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनमध्ये काय बदललेलं असतं?

बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १४६ मधलं फक्त एक! ही अदलाबदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिली. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग भयंकर वेदना होतात. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार असलेली मुलं पुष्कळ आहेत. कदाचित तुमच्या वर्गातही कुणी असेल. म्हणजे हा प्रश्न एका गुणापुरता नाही. उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर, परिचारिका किंवा प्रयोगशाळेतलं तंत्रज्ञ होईल, तेव्हा ते सहाव्या जागेचं व्हॅलिन समोरच्या बाकावर बसलेलं असेल.

आता या प्रश्नांचा अभ्यास करायचा कसा, ते सांगतो.

एक. धडा एकदा समजून वाचा. मग पुस्तक मिटून प्रश्न सोडवा. उत्तर येत नसलं तरी दोन मिनिटं झगडा. लगेच मागचं पान उलटायचं नाही!

दोन. उत्तर तपासण्याआधी त्याच्यापुढे खूण करा. खात्री असेल तर बरोबरची खूण, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. तपासताना दोन ठिकाणी थांबा. खात्री होती पण उत्तर चुकलं, तिथं काहीतरी उलटं शिकलं गेलंय. आणि अंदाज बरोबर आला, तर तो गुण अजून तुमचा नाही!

तीन. चुकांची एक वही करा. नुसतं बरोबर उत्तर उतरवू नका. का चुकलं ते लिहा. माहीतच नव्हतं? अर्धवट माहीत होतं? की 'दुपदरी', 'नाही', 'फक्त' असा एखादा शब्द वाचायचा राहिला? पंधरा दिवसांनी ही वही चाळा. आपलं घोडं कुठं पेंड खातं ते कळेल.

चार. चुकलेला प्रश्न दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवा. मध्ये थोडं विसरू द्या. विसरलेलं आठवताना जी धडपड होते, तीच कामी येते.

पाच. चार पर्यायांपैकी बरोबर कोणता एवढ्यावर थांबू नका. उरलेले तीन का चूक, तेही सांगता आलं पाहिजे. म्हणजे एका प्रश्नातून चार प्रश्न मिळतात, तेही फुकट!

आता आपल्या त्या मैत्रिणीसाठी. तुझं पाठ्यपुस्तक आणि तो जुना संच, एवढ्यावर पाया नक्की पक्का होईल. फक्त तीन गोष्टी सांभाळ. अभ्यासक्रम बदलत असतो, तेव्हा संचातले प्रश्न चालू पुस्तकाशी ताडून बघ. छापील उत्तरंही कधी कधी चुकलेली असतात. शंका आली तर पुस्तक उघड, शिक्षकांना विचार. आणि संच दोनदा सोडवून झाला की 'सतराव्याचं उत्तर ब' असं पाठ होऊन जातं. तेव्हा आकडे बदल. ३० टक्क्यांच्या जागी २२ घाल. मैत्रिणीला तुझे प्रश्न दे, तिचे तू सोडव. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. शाळेतल्या संगणकावर किंवा कुणाच्या फोनवर उतरवून घेता येतील. आणि हो, क्लासमध्ये बसून दुसऱ्याने सोडवलेली उत्तरं बघणारा आणि घरी बसून स्वतः झगडणारी, यात आठवड्यानंतर कुणाला जास्त आठवेल, ते तूच सांग!

आता सगळ्यांसाठी गृहपाठ. दुपदरी डीएनएच्या एका तुकड्यात १०० जोड्या आहेत आणि दोन्ही पदर मिळून ॲडेनीन ३० आहेत. तर जोड्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध एकूण किती? उत्तर कसं काढलं तेही लिहून पाठवा. आणि पाठवताना खूण करायला विसरू नका, खात्री की अंदाज?

उत्तर पुढच्या अंकात. तोवर पुस्तक मिटलेलंच बरं!