‘मला काय माहीत?’ हे श्राविकेचं उत्तर नाही



मागच्या लेखात मी ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर दोघीतिघींचे फोन आले. ‘अगं, असली खूनबाजीची मालिका तू बघतेस? त्यानं कर्मबंध होत नाही का?’ प्रश्न बरोबर आहे. हिंसा बघताना मजा वाटली तर तोही बंधच, हे मला मान्य आहे. मालिकेत शिव्या आहेत, मारामाऱ्या आहेत, आणि मांसाहार तर प्रत्येक जेवणात आहे. तुम्ही ती बघाच असं मी म्हणणार नाही. पण तिच्यातला एक भाग बघताना पाठशाळेत शिकलेला एक शब्द आठवला आणि मग झोप लागेना. शब्द आहे अनुमोदना. आज त्या शब्दावरून मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे, आणि त्यात मीही आलेच.

मालिका न्यू जर्सीतल्या एका इटालियन-अमेरिकन माफिया कुटुंबाची आहे. ती १९९९ ते २००७ या काळात चालली, एकूण ८६ भाग. टोनी सोप्रानो हा टोळीचा म्होरक्या. खंडणी, सावकारी, जुगार आणि वेळ पडल्यास खून, हा त्याचा धंदा. त्याची बायको कार्मेला चर्चला नेमानं जाणारी, घर लखलखीत ठेवणारी, मुलांच्या शिक्षणासाठी जीव टाकणारी. गळ्यात क्रॉस आणि हातात ओव्हनमधून काढलेला पास्ता. आपल्याकडची असती तर अष्टमी-चतुर्दशी चुकवली नसती.

मी म्हणते तो भाग तिसऱ्या सीझनमधला सातवा, ‘सेकंड ओपिनियन’. तो ८ एप्रिल २००१ ला दाखवला गेला. दुसरं मत हवं असतं टोनीच्या कर्करोग झालेल्या काकांना, पण खरं दुसरं मत मिळतं ते कार्मेलाला. टोनीच्या मानसोपचार तज्ज्ञ तिला डॉ. क्राकोवर नावाच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे पाठवतात. ती त्यांना नवऱ्याबद्दल सांगते, रडते. तिला वाटतं, हे धीर देतील. पण ते सरळ सांगतात की मुलांना घेऊन या घरातून बाहेर पड, नाहीतर ही अपराधाची भावना तुला कधीच सोडणार नाही. तिला ते साथीदार म्हणतात. ती चिडते. मी काय करते, फक्त त्याचे कपडे आणि जेवण बघते, असं तिचं म्हणणं. डॉक्टर शब्द थोडा बदलतात, मत बदलत नाहीत. आणि फी घ्यायला नकार देतात, कारण तो पैसा रक्तानं माखलेला आहे. यापुढे एक गोष्ट तुला म्हणता येणार नाही, असंही ते तिला बजावतात. कुणी मला सांगितलंच नव्हतं, असं म्हणण्याची सोय आता तिला राहिलेली नाही.

आता याच भागातली दुसरी बाई बघा. अँजी. तिचा नवरा टोनीचा जिवाभावाचा मित्र होता. तो पोलिसांचा खबऱ्या निघाला, म्हणून टोनीनं आणि त्याच्या माणसांनीच त्याला मारलं. अँजीला एवढंच ठाऊक आहे की तो नाहीसा झाला. दुकानात कार्मेला भेटते तेव्हा ती पैशाची अडचण सांगते. कुत्र्याच्या ऑपरेशनला पैसे नाहीत. कार्मेला घरी येऊन नवऱ्याच्या कानावर घालते, चांगल्या मनानंच. टोनी अँजीकडे जातो, तिच्या दारात महागडी गाडी उभी बघतो आणि बॅटनं तिच्या काचा फोडतो. पैशाचं काही असेल तर माझ्याशी बोल, माझ्या बायकोशी नाही, असा दम देतो. कार्मेलाचं घर असं स्वच्छ राहतं. धंद्यातलं काहीही तिच्या उंबऱ्याच्या आत येऊ नये याची काळजी दुसऱ्या बाईच्या काचा फोडून घेतली जाते.

आणि शेवट? मुलगी कोलंबिया विद्यापीठात शिकते आहे. तिथले डीन पन्नास हजार डॉलरची देणगी मागतात. टोनी पाच हजारांच्या वर जायला तयार नाही. कार्मेला सोफ्यावर पडलेली असते, नवऱ्याला सांगते की मी पन्नास हजार कबूल केलेत. तो तिचा चेहरा बघतो आणि हो म्हणतो. ज्या पैशाला डॉक्टरांनी हात लावला नाही, तो विद्यादानात गेला. सगळ्यांना बरं वाटलं.

मैत्रिणींनो, इथं मी थांबले, कारण हे मी पाहिलेलं आहे, आणि ते टीव्हीवर नव्हे.

आपल्या धर्मानं कर्माचा आस्रव किती वाटांनी होतो याचा हिशेब मांडून ठेवला आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करा, १०८ होतात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हे आहे, आणि जपमाळेच्या १०८ मण्यांचा एक अर्थ असाही सांगतात. म्हणजे रोज माळ ओढताना आपण जे मणी सरकवतो त्यातले छत्तीस अनुमतीचे असतात. स्वतः केलं नाही, करायला सांगितलं नाही, पण होऊ दिलं, बरं मानलं, त्याचं फळ आनंदानं घेतलं. कार्मेलाचे चर्चमधले गुरू हा हिशेब तिला सांगत नाहीत. आपल्याला तर लहानपणीच सांगितलेला आहे. मग आपली सबब तिच्यापेक्षाही लंगडी ठरते.

आता तुमचे आक्षेप घेते. मला ते पाठ आहेत, कारण मी स्वतः ते वापरले आहेत.

पहिला आक्षेप: ‘आपली माणसं काय माफिया आहेत का?’ नाहीत. पण अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आठवा. चोरीला वाट दाखवणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडणं, वजनमापात कमीजास्त करणं, भेसळ करणं. यात बंदूक कुठे आहे? हे सगळं गादीवर बसून, पांढऱ्या कपड्यांत होतं. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं आपल्या राज्यात २०१४ च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे. कुणाच्या तरी कोऱ्या स्टँपपेपरवर सही घेऊन ठेवलेली असते, कुणाच्या तरी घरातलं सोनं आपल्या कपाटात असतं. आणि आपण त्याच कपाटातून साडी काढून अभिषेकाला जातो.

याच मालिकेत दुसऱ्या सीझनमध्ये एक प्रसंग आहे. खेळाच्या सामानाचा एक दुकानदार जुगाराच्या कर्जात बुडतो आणि टोनी त्याच्या मुलाची गाडी उचलून आपल्या मुलीला भेट देतो. मुलगी गाडी ओळखते, कारण तो मुलगा तिच्या शाळेतला आहे. ती बिथरते. आपल्या घरी आलेल्या वस्तू आपल्याला ओळखू येत नाहीत, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप: ‘अनुमतित्याग ही तर दहावी प्रतिमा. आपण अजून पहिल्या पायरीवर.’ हे फार हुशार उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे. दहाव्या प्रतिमेचा श्रावक घरातल्या योग्य कामांनाही संमती देणं सोडतो. लग्न, व्यापार, बांधकाम, कशातच तो मत देत नाही. पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसाणुव्रताची व्याख्या करतानाच कृत, कारित आणि अनुमोदना तिन्ही धरली आहेत. म्हणजे हे शिखर नाही, पायाच आहे.

तिसरा आक्षेप: ‘आम्ही दान देतो ना.’ देतो. पर्युषणात बोलीत चढाओढ करतो, कमानीवर नाव लागतं. पण हेमचंद्राचार्यांनी सांगितलेल्या मार्गानुसारीच्या पस्तीस गुणांत पहिला गुण न्यायानं मिळवलेलं धन. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही श्रावकाच्या लक्षणांची सुरुवात तिथूनच होते. दिगंबर असो की श्वेतांबर, दोघांनीही आधी पैसा कसा आला ते विचारलं. आपण फक्त किती दिला ते विचारतो. ज्याचं घेतलं त्याला परत न देता मंदिराला दिलं, तर ते दान म्हणायचं की कार्मेलाचे पन्नास हजार?

चौथा आक्षेप खरा आहे आणि त्याच्यापुढे मी आवाज खाली करते: ‘बाईच्या हातात असतं काय? माहेर म्हातारं झालं, स्वतःची कमाई नाही. विचारलं तर घरात वादळ.’ हे खोटं नाही. त्या डॉक्टरांसारखं ‘घर सोड’ असं मी कुणाला सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. ज्या बाईला विचारल्यावर मार बसतो, तिच्यासाठी हा लेख नाहीच. तिच्यावर बोट ठेवलं तर पाप मला लागेल. पण आपल्यातल्या कितीजणी खरंच एवढ्या बांधलेल्या आहेत? सोनं कुठल्या सराफाकडून घ्यायचं, सून कुठल्या घरची आणायची, यात आपला शब्द चालतो. फक्त पैसा कुठून येतो एवढं विचारताना आपण अचानक अबला होतो.

कार्मेलाही तशीच. पाच भागांनंतर ती एका पाद्रीला गाठते. तो सांगतो, नवऱ्याच्या चांगल्या बाजूच्या कमाईवर जग, बाकीचं सोड. तिला हे मत आवडतं, कारण कुठली कमाई कुठल्या बाजूची हे तिला कुणी विचारणार नसतं. पुढे ती एकदा वेगळीही होते, आणि घर बांधायला सहा लाख डॉलरची जागा मिळणार म्हटल्यावर परत येते. तिला पर्याय नव्हता असं म्हणू नका. तिनं दर ठरवला.

आता माझं. आमच्या दुकानाच्या भागीदारीत माझं नाव आहे. कायद्यानं पेढीच्या देण्याघेण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, हे मला फार उशिरा कळलं. किती वर्षं मी ओट्यापाशी, हात पदराला पुसून, ‘कुठे करू?’ एवढंच विचारत सह्या केल्या. कांदा-बटाटा घरात येऊ दिला नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायले नाही, पण ते कागद कधी गाळून घेतले नाहीत. हा भाग बघितल्यावर पुढच्या वेळी कागद आले तेव्हा मी म्हटलं, आधी वाचते. हे हसले, मग गप्प झाले, मग दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. बहुतेक सगळं नीट होतं. एक गोष्ट नव्हती. ती बंद करा असं मी म्हटलं आहे. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. घर मोडलेलं नाही.

म्हणून येत्या पर्युषणाआधी एवढंच करा. उपवास, एकासन, जे करता ते कराच. त्याबरोबर घरातल्या माणसाला एकदा विचारा की हे कुठून आलं. उत्तर येईल तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका. क्षमावाणीला ‘कळत नकळत झालेल्या दोषांची’ क्षमा आपण मागतो. त्यातलं ‘नकळत’ खरंच नकळत असेल, तरच तो शब्द तोंडी आणायचा हक्क आपल्याला आहे.

राग आला असेल तर फोन करा. वादच घालू, पण या विषयावर गप्प बसणं नको.