दिवा उजवीकडचा, रस्ता डावीकडचा

इंग्लंडमधला माणूस स्वतःची गाडी घेऊन खाडीपलीकडे फ्रान्सला निघाला की हेडलाइटच्या काचेवर छोटे स्टिकर चिकटवतो. डिपरचा उजेड सगळीकडे सारखा पडत नसतो. रस्त्याची कड आणि पायी चालणारा माणूस दिसावा म्हणून तो कडेला थोडा वर उचललेला असतो, समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली कापलेला. इंग्लंडात वाहतूक डावीकडून, म्हणून उचल डावीकडे. फ्रान्समध्ये हीच उचल समोरच्याच्या डोळ्यात जाते. नव्या काही गाड्यांत ती सेटिंगमधून बदलता येते, बाकीच्यांना स्टिकर. आठ दिवसांच्या सहलीसाठी एवढा खटाटोप, तोही पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसांसाठी!

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्याआधी विकलेल्या नव्या हेडलाइटवर काचेचा एक भाग झाकणारी पट्टी असायची, 'या तारखेआधी काढू नये' असं छापलेली.

आता आपल्याकडे या. आपण डावीकडून चालणारे. अमेरिका, चीन उजवीकडून. आणि ऑनलाइन बाजारात बाहेरून आलेले आख्खे हेडलाइट सहज मिळतात. खाचा बसतात, वायर जुळते, दिसायला झकास. पण तो दिवा उजवीकडच्या रस्त्यासाठी बनलेला असेल तर त्याची उचल कुठे जाणार? समोरून बायको-पोराला घेऊन येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

ओळखायचं कसं ते सांगतो, कारण दुकानदार सांगत नाही. गाडीसमोर उभं राहून काचेवरचं युरोपीय 'ई' चिन्ह शोधा. त्याच्याजवळ तुमच्या उजव्या हाताकडे रोखलेला बाण असेल तर दिवा आपल्या रस्त्याचा. दोन्हीकडे बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा. बाणच नसेल तर तो उजवीकडच्या देशांचा.

दुसरा प्रकार जास्त बोकाळलाय. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरा एलईडी बल्ब कोंबायचा. रिफ्लेक्टर बनवलेला असतो हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी. ती जागा हलली की उजेड रस्ता सोडून सगळीकडे पसरतो. मालकाला वाटतं, काय भारी फोकस पडतो! जर्मनीत २०२० पासून असे बल्ब चालतात, पण ठरावीक बल्ब, ठरावीक मॉडेलच्या गाडीतच, तपासणी होऊन मंजूर झालेले. आपल्याकडे ते ॲक्सेसरीजच्या दुकानात सीटकव्हरशेजारी टांगलेले असतात.

कायदा नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. पण बघतंय कोण? खासगी गाडीला पंधरा वर्षं फिटनेस लागत नाही आणि पीयूसीवाला फक्त धूर मोजतो.

ऊसाचा हंगाम आला की आमच्या भागात रात्री विना-रिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. समोरून झोत आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत 'चालकाचा ताबा सुटल्याने' एवढंच येतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पीयूसीच्या टपरीमागे एक भिंत असतेच. तिच्यावर रेघ मारा, गाडी ठरलेल्या अंतरावर उभी करा, डिपर लावा. उजवीकडचा उजेड रेघेच्या वर गेला तर सर्टिफिकेट नाही. परिवहन खात्याला एवढं जमायला काय हरकत आहे?