महागडा स्पीकर आणि आपले कान



मागच्या खेपेस आपण विजेच्या बिलावर बोललो. आजचा विषय जरा शौकाचा आहे, पण त्यात पैसा थोडाथोडका जात नाही, म्हणून लिहितो.

आमचे एक स्नेही इथेच वेंटवर्थव्हिलला राहतात. वय ७४. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. वहिनी ठाण्याला असताना कीर्तनं करायच्या. योसेफाची, मोशेची कथा आपल्या मराठी चालींवर सांगायची ही पद्धत आपल्या लोकांत एकोणिसाव्या शतकापासून आहे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. त्यांच्या एका कीर्तनाची कॅसेट स्नेह्यांनी जपून ठेवली आहे. एके दिवशी फोन आला, "अरे, तू रेडिओवाला ना? चल माझ्याबरोबर. मला हिचा आवाज नीट ऐकायचाय. चांगले स्पीकर घेतो आता. सुपरचे पैसे कशासाठी ठेवायचे?"

मी इंजिनियर नव्हे. मुंबईत चार वर्षं रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बसलो, तेवढीच विद्या. पण गेलो.

दुकान झकास. गालिचा, सोफा, मंद दिवे. स्पीकरची जोडी अठरा हजार डॉलरची, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. विक्रेत्याने आधी स्वस्त जोडी लावली, मग महाग. महाग जोडी ऐकताच आमचे स्नेही म्हणाले, "वा! काय फरक आहे!" माझं लक्ष आवाजाच्या बटणाकडे. ते तिथेच होतं, पण दुसरी जोडी मुळातच मोठ्याने वाजणारी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हा आकडा प्रत्येक स्पीकरच्या कागदावर असतो. एकाचा ८६ आणि दुसऱ्याचा ८९ असेल, तर पहिल्याला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. आणि माणसाच्या कानाची खोड अशी, की जरा मोठा आवाज त्याला जास्त चांगला वाटतो. म्हणून पहिला नियम: दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. हल्ली फोनवरही आवाज मोजता येतो. तो आकडा अगदी बिनचूक नसेल, पण दोन जोड्या सारख्या करायला पुरतो.

दुसरा नियम: आपली सीडी आपण न्या. दुकानदाराची सीडी त्याच्या स्पीकरला शोभेल अशीच असते. आपल्याला ओळखीचा आवाज हवा. तबल्याचा डग्गा ऐका. तो घुमतो, की नुसता धप्प करतो? पेटीचे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो का? आणि १९५०च्या सुमाराचं एखादं मराठी गाणं न्याच. ती गाणी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. समोर मधोमध बसलात तर गायिका बरोब्बर मध्ये उभी राहून गाते आहे असं वाटलं पाहिजे. आवाज पसरलेला वाटला आणि डग्गा गायब झाला, तर एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट लागल्या असतील. घरीसुद्धा हे तपासा, फुकट आहे.

आता एक गंमत सांगतो. स्ट्रॅथफील्डकडे जाताना आपल्या लाइनवर होमबुश लागतं. तिथे ईएमआय कंपनीत नेव्हिल थील नावाचे इंजिनियर होते. ईएमआय म्हणजे आपल्या कुत्र्याच्या छापाच्या एचएमव्हीची मूळ कंपनी. स्पीकरच्या पेटीला भोक ठेवायचं तर पेटी केवढी आणि भोक केवढं, हे तोवर पुष्कळसं अंदाजाने चालायचं. थील यांनी १९६१ साली त्याचं गणित मांडलं. पुढे रिचर्ड स्मॉल या अमेरिकन माणसाने सिडनी युनिव्हर्सिटीत ते वाढवलं. आज जगभर स्पीकर बनवणारे थील-स्मॉलचे आकडे वापरतात. सांगायचा मुद्दा, चांगली पेटी ही जादू नाही, हिशोब आहे. म्हणून मध्यम किमतीतही आज चांगला स्पीकर मिळतो.

तर, मी स्नेह्यांना म्हटलं, "आज पैसे देऊ नका. घरी नेऊन ऐकू." दुकानाने अनामत घेऊन जोडी दोन दिवस दिली. घरात लाकडी जमीन, उघड्या भिंती. स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर नुसतं घुमायला लागलं. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घेतले, खाली सतरंजी टाकली, आणि तेच स्पीकर निम्म्याने सुधारले. मग त्यांची जुनी जोडी शेजारी ठेवली, आवाज सारखा केला, वर पातळ चादर टाकली, आणि नातवाला तारा बदलायला बसवलं. दहा वेळा विचारलं, "आत्ता नवी की जुनी?" आमच्या स्नेह्यांचं सहा वेळा बरोबर आलं. एवढं तर नाणं उडवूनही येतं.

ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझे कानच गेले म्हण ना."

वाईट वाटलं, पण बोलणं भाग होतं. साठीनंतर आपल्या बहुतेकांचे वरचे स्वर कमी होतात. स, श, च या अक्षरांची धार त्याच स्वरांत असते. कान तपासले, तसंच निघालं. पेन्शनर कन्सेशन कार्ड असलेल्यांना सरकारी योजनेतून तपासणी मोफत होते, कानयंत्रही मिळू शकतं. अर्ज करायला लाजू नका.

पण कॅसेट सगळ्यांनाच, नातवालासुद्धा, गोधडीतून बोलल्यासारखी ऐकू येत होती. तेव्हा कुठे मला माझी जुनी विद्या आठवली. डेक उघडला. हेडवर तपकिरी मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसला. हेडची फट टेपला काटकोनात नसली की वरचे स्वर मरतात, म्हणून बाजूचा छोटा स्क्रू केसभर फिरवत गेलो. अचानक वहिनी खोलीत आल्यासारख्या बोलू लागल्या. पेटीवाल्याला हळूच "जरा वरचा धर" म्हणालेलंही ऐकू आलं. ते वाक्य त्या कॅसेटमध्ये आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. स्नेही उठून स्वयंपाकघरात गेले. आम्ही कोणी मागे गेलो नाही.

खर्च अकरा डॉलर. अठरा हजारांची जोडी परत गेली.

मी महागड्या सामानाच्या विरुद्ध नाही. ज्याला फरक ऐकू येतो आणि परवडतं, त्याने जरूर घ्यावं. पण पैसे आधी स्पीकरवर आणि खोलीवर घाला, तारांवर नको. आणि लक्षात ठेवा, इथल्या ग्राहक कायद्याप्रमाणे, जो १ जानेवारी २०११ पासून लागू आहे, वस्तूत मोठा दोष निघाला तर पैसे परत मागता येतात. नुसतं मन बदललं तर दुकानावर तशी सक्ती नाही. म्हणून परत करण्याची अट आधी लिहून घ्या.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी आईवडिलांच्या, मामा-आत्यांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत, त्यांनी स्पीकर नंतर घ्यावा, आधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. टेप जुनी होत जाते, वाट बघत नाही. वहिनींच्या कीर्तनाची एक प्रत आता अश्दोदला लेकीकडे गेली आहे.

पुढच्या अंकात फ्रीजविषयी. तोवर सांभाळून राहा.