फलटणची मेंढी आणि एक लाख कोटींचे कर्ज

खास प्रतिनिधी

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी एक लाख कोटी रुपयांच्या 'संशोधन, विकास व नवोन्मेष' योजनेस मंजुरी दिली. अल्प वा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या या योजनेची दारे तंत्रज्ञान-सिद्धतेच्या नऊ पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठलेल्या प्रकल्पांसाठीच उघडतात. खालच्या पायऱ्यांवरील, म्हणजे मूलभूत संशोधनाचे काय, हा प्रश्न यानिमित्ताने उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा सातारा जिल्ह्यातील फलटणचा मेंढवाडा अधिक उपयोगी ठरावा.

दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. याउलट सुंदरबनातील गॅरोल ही चणीने अगदी लहान मेंढी जुळी सहज देते. बनविहारी निंबकर यांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात गॅरोल फलटणला आणून तिचा दख्खनीशी संकर सुरू केला. मात्र संकरातून जुळ्यांबरोबर गॅरोलचा लहान आकारही येतो. मांसासाठी मेंढ्या पाळणाऱ्या धनगराला तो परवडणारा नव्हता. हवा होता तो केवळ एक गुण, आणि नर मेंढ्यात तो आहे की नाही, हे त्याच्या मुली विईपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता.

हा मार्ग खुला झाला तो भलत्याच ठिकाणच्या कुतूहलातून. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढ्या इतकी कोकरे का देतात, याचा छडा शास्त्रज्ञ अनेक वर्षे लावत होते. यामागे एकच प्रभावी जनुक असावे, हा तर्क १९८०च्या सुमारास मांडला गेला. २००१ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी ते जनुक निश्चित केले. डीएनएमधील एका अक्षराच्या बदलामुळे बीजांडकोशात एकाच वेळी अधिक बीजे पक्व होतात, असे आढळले. हाच बदल गॅरोलमध्येही सापडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर हे जनुक तिकडे पोहोचले असावे, असे मानले जाते. आपलीच ठेव परक्यांकडून ओळखून घेण्याचा हा प्रकार काहीसा खटकणारा आहे!

त्यानंतर मात्र रक्ताच्या थेंबावरून मेंढा निवडणे शक्य झाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील संस्था यांच्या सहकार्याने दख्खनीच्या अंगात केवळ हे जनुक राखणारा 'नारी सुवर्णा' वाण फलटणला सिद्ध झाला.

२००१ पूर्वीच्या त्या वर्षांना कर्ज कोणी दिले असते? फेडीचे वेळापत्रक काय लिहिले असते? यावर सरकारपक्षाचे उत्तर २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे बोट दाखवते. पण त्याच्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी बहुतांश रक्कम सरकारबाहेरून यावी, अशी अपेक्षा धरण्यात आली. उद्योगांनी मेंढीच्या बीजांडकोशासाठी हात सैल सोडावा, ही अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल.

उपयोजित संशोधनही मूलभूत प्रश्न नव्याने उभे करते, हे फलटणनेच दाखवले आहे. जुळी कोकरे जन्मतः वजनाने हलकी असतात, आणि दोघांना पुरेल इतके दूध यावे तर आईला चारा हवा. उन्हाळ्यात कळप घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळाकडे तो कितपत असतो? अपुऱ्या चाऱ्यावर गाभण मेंढीचे शरीर दोन गर्भांना कसे पोसते, हा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवरचाच आहे.