तोंडावळा नवा, हाडं जुनीच



आज एक कोडं घालते. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत. दोन्हींचं नाव मारुती सुझुकी डिझायर. दोन्हींची लांबी 3995 मिलिमीटर. एक 2019 साली तयार झालेली, दुसरी 2020 च्या दिवाळीतली. बाजूने पाहा, दोघी जुळ्या बहिणी! समोर येऊन उभे राहा, की दुसरीचा चेहरा थोडा वेगळा दिसतो. आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात दुसरीला जास्त पैसे सांगतात. का बरं? नुसत्या चेहऱ्याचे पैसे, की आतही काही बदललंय?

हे कोडं अनेक घरांत खरोखरच पडतं. बाबा म्हणतात, "जुनी घेऊ, पैसे वाचतील." ताई म्हणते, "छे! नवी दिसते ती घ्या." अशा वेळी कोणाचं ऐकायचं? माझं म्हणणं, वहीचं ऐकायचं. एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 2019, उजवीकडे 2020. आता एकेक गोष्ट लिहू या.

पहिली गोष्ट, चेहरा. डिझायरची ही पिढी आली 2017 साली. मार्च 2020 मध्ये कंपनीने तिचं रूप बदललं. अशा बदलाला मोटारवाले 'फेसलिफ्ट' म्हणतात. समोरची जाळी मोठी झाली, पुढचा बंपर नव्या घडणीचा आला, आत चालकासमोर रंगीत पडदा आला. दरवाजे, छप्पर, काचा मात्र त्याच राहिल्या.

असं का केलं असेल? दरवाजे आणि छप्पर पोलादी पत्र्याचे असतात. भल्यामोठ्या प्रेसमध्ये जड ठशांखाली पत्रा दाबून त्यांना आकार देतात. ते ठसे नव्याने बनवायचे म्हणजे प्रचंड खर्च. बंपर आणि जाळी प्लास्टिकची, त्यांचे साचे बदलणं त्या मानाने स्वस्त. म्हणून गाडी तीनचार वर्षांची झाली, की कंपन्या बहुधा चेहऱ्यालाच हात घालतात. दिवाळीला घराचा दर्शनी भाग रंगवावा, भिंती त्याच ठेवाव्यात, तसंच हे!

दुसरी गोष्ट, इंजिन. इथे मात्र उजव्या रकान्यात बरंच लिहावं लागेल. दोन्ही पेट्रोल इंजिनं 1.2 लिटरची आणि चार सिलिंडरची. जुन्याची शक्ती सुमारे 83 अश्वशक्ती, नव्याची 90. ओढण्याचा जोर दोघांचा सारखाच, 113 न्यूटन-मीटर. जुन्यात प्रत्येक सिलिंडरसाठी पेट्रोलचा फवारा मारणारी एकच तोटी होती, नव्यात दोन आहेत. बागेला पाणी घालताना जाड धारेपेक्षा झारीचं पाणी कसं सगळीकडे सारखं पसरतं? तसंच बारीक फवाऱ्याचं. पेट्रोल हवेत नीट मिसळतं आणि नीट जळतं.

आणखी एक गंमत. गियर हाताने बदलायची नवी गाडी सिग्नलला थांबली, गियर न्यूट्रलला आणला आणि क्लचवरचा पाय काढला, की इंजिन आपणहून बंद होतं! क्लच दाबला की पुन्हा सुरू. उभ्या गाडीत फुकट जळणारं पेट्रोल वाचतं.

आता गणित करू या. कंपनीच्या चाचणीचे आकडे असे: जुनी गाडी लिटरला 21.21 किलोमीटर जायची, नवी 23.26. तुमच्या घरची गाडी वर्षाला 10,000 किलोमीटर फिरते असं धरा. जुनीला लागेल सुमारे 471 लिटर, नवीला सुमारे 430. वाचले 41-42 लिटर. लिटरला शंभर रुपये धरले, तर वर्षाला चार हजारांच्या वर! पण बरं का, हे आकडे चाचणीतले. खड्डे, गर्दी आणि एसी यांमुळे रस्त्यावर दोन्ही गाड्या कमीच देतात. तरी तुलना करायला आकडा उपयोगी पडतो. नवीसाठी वीस हजार जास्त मागितले तर ते किती वर्षांत वसूल होतील? हा भागाकार तुमचा तुम्ही करा आणि बाबांना दाखवा.

तिसरी गोष्ट, डिझेल. 2019 च्या गाडीत 1.3 लिटरचं डिझेल इंजिनही मिळायचं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे नायट्रोजनची ऑक्साइडं जास्तीत जास्त 250 मिलिग्रॅम सोडावीत, असा आधीचा नियम होता. नव्या नियमाने ती मर्यादा 80 वर आणली. त्यासाठी लागणारी यंत्रं छोट्या गाडीत बसवणं महाग पडतं, म्हणून कंपनीने डिझेल बंदच केलं. पेट्रोल डिझायर मात्र 2019 च्या मध्यापासूनच बीएस-6 होती. म्हणजे 2019 ची म्हणून सरसकट 'जुन्या धुराची' असं समजू नका.

चौथी गोष्ट, साल. इथे भलेभले फसतात. नवा चेहरा बाजारात आला मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात, आणि लगेच 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी! शोरूमना कुलपं लागली. त्या वर्षाच्या सुरुवातीला तयार झालेल्या गाड्या जुन्याच चेहऱ्याच्या होत्या. तेव्हा कोणी नुसतं "2020 ची आहे हो" म्हणालं, तर मान डोलवू नका. आरसी पुस्तकात किंवा कार्डावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि साल असतं, ते वाचा. मग बॉनेट उघडून कोणतं इंजिन आहे ते मेकॅनिककाकांकडून पाहून घ्या.

पाचवी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती सगळ्यांत मोठी आहे. सुरक्षितता.

दोन्ही गाड्यांत पुढे दोन एअरबॅग आणि चाकं अडकू न देणारे एबीएस ब्रेक आहेत. नव्या चेहऱ्याच्या गाडीत, आपोआप गियर बदलणाऱ्या प्रकारांना, घसरणाऱ्या गाडीला एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणाही आली. ही चांगली भर. पण गाडी आदळली तर आपल्याला वाचवतो तो आतला पोलादी सांगाडा. तो जाळी बदलल्याने बदलत नाही. 2024 च्या नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेने डिझायरच्या चाचणीचे निकाल जाहीर केले. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत आपल्या कोड्यातल्या पिढीला पाचपैकी दोन तारे मिळाले. त्याच महिन्यात आलेल्या चौथ्या पिढीच्या डिझायरला पाच!

लांबी पाहाल तर चौथ्या पिढीचीही 3995 मिलिमीटरच आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीवर कर कमी लागतो, म्हणून कंपन्या ही मर्यादा सोडत नाहीत. तेव्हा लांबीवरून सांगाडा कळत नाही आणि चेहऱ्यावरूनही कळत नाही. त्यासाठी निकालपत्रकच वाचावं लागतं. आपल्या देशात 1 ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही चाचणीही सुरू झाली आहे.

मग आपल्या कोड्याचं उत्तर काय? 2020 च्या गाडीला थोडे जास्त पैसे देणं रास्त आहे, पण ते इंजिनासाठी आणि वाचणाऱ्या पेट्रोलसाठी. नुसत्या जाळीसाठी जास्त मागत असतील तर आईबाबांनी हात आखडता घ्यावा. आणि सुरक्षिततेच्या रकान्यात दोघींना जवळजवळ सारखेच गुण द्यावेत. ते गुण वाढवायचे असतील तर चेहरा बदललेली गाडी पुरत नाही, पिढी बदललेली पाहावी लागते. तिला पैसे जास्त पडतील. किती परवडतं ते घरातली मोठी माणसं ठरवतील. पण तुमची वही त्यांच्यासमोर असली म्हणजे ते डोळसपणे ठरवतील.

गाडी कुठलीही असो, एक गोष्ट मात्र तुमच्याच हातात आहे. मागे बसलात तरी पट्टा लावायचा! चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनात बांधून बसवावं, असा कायदाच आहे. न बांधता बसवलं तर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा हो, तुम्ही सुखरूप घरी यायला हवं!

या आठवड्याचा उपक्रम: तुमच्या गल्लीत एकाच नावाच्या पण वेगळ्या चेहऱ्याच्या दोन गाड्या शोधा. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते दोन रकान्यांत लिहा. मालकांची परवानगी घेतल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, बरं का!

तुमची,
बाई